कुंडीत गांडुळं निघाली म्हणून तुळस गेली का?

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ६१, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. घरामागे विटांचा एक उघडा हौद आहे, खाली फरशी नाही, सरळ जमीनच. गेल्या दिवाळीपासून त्यात त्या आंब्याचा पालापाचोळा, भाजीची देठं, चहाचा चोथा टाकत आल्या. मे महिन्याच्या सुरुवातीला हौद उपसला तर तळाशी काळंभोर खत, आणि त्यात शेकडो गांडुळं. त्यांनी ती कधी सोडलीच नव्हती. हे खत त्यांनी चौदा कुंड्यांत आणि तुळशी वृंदावनात भरलं. तीन आठवड्यांत तुळस सुकली. आईच्या अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्यांपासून वर्षानुवर्षं जपत आणलेलं ते रोप होतं. उपटून पाहिलं तर मुळांच्या जाळ्यात गांडुळं वळवळत होती, शिवाय एक पांढरा जाडजूड किडा. शेजारी म्हणतात, मिठाचं पाणी ओता, नाहीतर दाणेदार औषध टाका. सुनेला वेगळीच धास्ती आहे: चार वर्षांची नात मातीत खेळते, तिला जंत झाले तर? ताई विचारतात, "सगळं खत कडक उन्हात वाळवून किडे मारू, की कुंड्या रिकाम्या करून खत फेकूनच देऊ?"

प्रिय ताई,

खत फेकू नका. आणि मीठ तर चिमूटभरही घालू नका. बाकीचं निवांत बोलू, पण या दोन गोष्टी आधी सांगते, कारण वैतागाच्या भरात माणूस हेच आधी करून बसतो.

तुळशीचं वाचून वाईट वाटलं. आईच्या हातचं असं काही अंगणात असतं तेव्हा ते नुसतं झाड नसतं. म्हणूनच ती नेमकी कशाने गेली हे नीट शोधायला हवं. चुकीच्या माणसावर आळ घेतला तर पुढची तुळसही तशीच जाईल.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे. तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. "मुळं तपकिरी झाली होती, ओढली तर वरची साल सुटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखं उरलं, वासही आंबूस होता." ताई, ही मूळ सडल्याची खूण आहे, अगदी हुबेहूब. तुळशीचं निरोगी मूळ फिकट पांढरट असतं आणि त्याची साल अशी मोज्यासारखी निघत नाही. एखाद्या किड्याने मुळं खाल्ली असती तर तुम्हाला तुटलेली, कुरतडलेली टोकं दिसली असती. बारीक मुळं नाहीशीच झाली असती आणि रोप हातात अलगद उपटून आलं असतं.

मग गांडुळं तिथे काय करत होती? गांडुळाला दात नसतात. सालपटं, पाला, कुजलेली मुळं असं मऊ पडलेलं तो खातो आणि मातीबरोबर पोटात घोळवतो. जिवंत, कडक मूळ चावण्याची सोयच त्याच्याकडे नाही. गांडुळं तुळशीच्या मुळाशी पोचली ती, मुळं सडायला लागल्यावर.

मूळ सडलं ते पाण्याने. तुम्ही लिहिलंय की खत इतकं सुंदर दिसत होतं की वृंदावनात माती मिसळलीच नाही, नुसतं खत भरलं. त्यात रोज सकाळी पूजेचं तांब्याभर पाणी, आणि ऊन वाढलं म्हणून संध्याकाळी आणखी एक तांब्या. मातीच्या कुंडीत हे कदाचित खपून गेलं असतं. खत मात्र पाणी धरून ठेवतं, आणि नुसतं खत भरलं की दोन-तीन आठवड्यांत ते खाली बसून घट्ट होतं. मधल्या पोकळ्या बुजल्या की मुळांना हवा मिळत नाही. वरचा थर उन्हाने कोरडा दिसतो म्हणून आपण पुन्हा पाणी घालतो, आणि आत तळाशी चिखल. वृंदावनाचं खालचं भोक एकदा काडी घालून बघा. सिमेंटच्या वृंदावनांत ते बरेचदा बुजलेलं असतं, काहींत तर मुळात ठेवलेलंच नसतं. माझ्या गच्चीवर पहिल्या वर्षी मी वांग्याच्या कुंड्या अशाच नुसत्या खताने भरल्या होत्या. महिन्याभरात कुंडीतलं सगळं चार बोटं खाली बसलं आणि झाडं पिवळी पडली. तेव्हाही कुंडीत गांडुळं होती, आणि तेव्हा मीही त्यांच्याकडेच बोट दाखवलं होतं.

आता गांडुळं आली कुठून. हौदाला फरशी नाही, म्हणजे जमिनीतून वर यायचा रस्ता मोकळा आहे. शेणखताबरोबर, नर्सरीच्या रोपांच्या मातीतून त्यांची अंडीही येतात. ही अंडी म्हणजे घडणीने लिंबासारख्या पण मोहरीहून जराशाच मोठ्या, पिवळसर-तपकिरी कुप्या असतात. खत हातात घेऊन उजेडात चिमटीने पसरून पाहिलंत तर दिसतील, बहुतेक लोक त्यांना कसलं तरी बी समजतात. ओल आणि कुजका पाला मिळाला की एकेका कुपीतून दोन-चार पिल्लं बाहेर येतात. तुमच्या हौदात दोन्ही भरपूर होतं. सहा महिने तुम्ही त्यांची बडदास्त ठेवलीत, ती नांदली.

मला खटकलं ते वेगळंच. *शेकडो* गांडुळं. खत पूर्ण तयार झालं की त्यात गांडुळांना खायला फारसं उरत नाही, ती पांगतात, कमी होतात. म्हणून खतात गांडुळांची गर्दी दिसली की समजायचं, इथे अजून कुजायचं बाकी आहे. आंब्याचं पान जाड आणि चिवट, ते कुजायला वेळ घेतं. पानांच्या शिरा अजून जाळीसारख्या अख्ख्या दिसत असतील तर खत अर्धकच्चं आहे. असं खत कुंडीत घातलं की कुजण्याचं राहिलेलं काम कुंडीतच सुरू होतं. ते करणारे सूक्ष्मजीव मुळांच्या वाट्याची हवा आणि नत्र दोन्ही वापरतात, आणि पानं पिवळी पडू लागतात. तुमच्या चौदांपैकी काही कुंड्यांतली पानं फिकट झाली आहेत असं लिहिलंय, त्याचं कारण मला तरी इथेच दिसतं.

खत तयार आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. मूठभर ओलसर खत एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर उत्तम. आंबूस किंवा नाकात झोंबणारा वास आला तर अजून थांबा. दुसरी परीक्षा अळिवाची. एका ताटलीत खत, दुसऱ्या ताटलीत बागेतली नेहमीची माती, दोन्ही हलकेच ओली करून प्रत्येकी वीस अळीव पेरा. बी भिजत घालू नका, ते बुळबुळीत होतं. कोरडंच पसरून वरून पाणी शिंपडा. चार-पाच दिवसांत दोन्हीकडची रोपं शेजारी शेजारी ठेवून बघा. खतातली कमी उगवली, पिवळट राहिली, मुळांची टोकं तपकिरी झाली, तर ते खत आणखी महिना-दीड महिना हौदातच जायला हवं. ही परीक्षा नातीला करू द्या, वीसपर्यंत मोजायला तिला आवडेल.

गांडुळं वेगळी कशी काढायची? त्यांना उजेड नको असतो, एवढं पुरतं. सकाळी आठच्या सुमारास, कडक ऊन नको, ओटीवर किंवा व्हरांड्यात जुना प्लास्टिकचा कागद पसरा आणि त्यावर खताचे छोटे छोटे ढीग करा. दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या. गांडुळं खाली सरकतात. वरचं खत हाताने काढून घ्या, पुन्हा थांबा, पुन्हा काढा. शेवटी तळाशी त्यांचा लाल-तपकिरी गुंता उरतो. तो तसाच उचलून हौदात, अर्धवट कुजलेल्या पाल्याखाली सोडा आणि वर ओलं गोणपाट टाका. काढलेलं खत वाळू चाळायच्या जाळीतून चाळलंत की न कुजलेली पानं वर राहतात, तीही परत हौदात. घाई असेल तर आणखी सोपा उपाय: हौदाच्या एका कोपऱ्यात कलिंगडाची साल उपडी ठेवा. दोन-तीन दिवसांत त्या सालीखाली गांडुळांची जत्रा भरते, तेवढा कोपरा उचलायचा.

कडक उन्हात वाळवण्याबद्दल तुम्ही विचारलंत. तसं केलं तर गांडुळं मरतील हे खरं, पण ज्या सूक्ष्मजीवांसाठी आपण हे खत करतो तेही मरतील. शिवाय कोरडं ठणठणीत झालेलं खत पाणी शोषतच नाही, पाणी कडेने वाहून जातं. चाळण्यापुरतं सावलीत सुकवा, हातात घेऊन दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, इतपत.

आता ती थोडीफार गांडुळं आणि कुप्या कुंडीत गेल्याच तर? जाऊ द्या. त्यांनी झाडाचं काही बिघडणार नाही. पण मुद्दाम कुंडीत गांडुळं सोडण्याचं जे एक खूळ आहे त्याच्याही मी बाजूची नाही. "गांडूळ शेतकऱ्याचा मित्र" हे आपण शाळेत शिकलो, तुम्ही तर शिकवलंही असेल, आणि ते खरंच आहे. पण ते शेताबद्दल आहे. शेतात त्याला ऊन वाढलं तर खोल जाता येतं, खाणं संपलं तर पुढे सरकता येतं. बारा इंची कुंडीत कुठे जाणार? नाशिकचा मे, दुपारी तापलेली प्लास्टिकची कुंडी, आतली माती ३५ अंशांच्या पुढे गेली की कुजक्या पाल्यातल्या या गांडुळांचा जीव कासावीस होतो. पाणी जास्त झालं की हवेअभावी ती रात्री भोकातून बाहेर येतात आणि सकाळी फरशीवर मुंग्या लागलेल्या दिसतात. छोट्या कुंडीत त्यांची विष्ठा तळाला साठून भोकही बुजू शकतं.

चार्ल्स डार्विनने कितीतरी दिवस आपल्या अभ्यासिकेत मातीच्या कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली होती. त्यांना ऐकू येतं का हे बघायला त्याने त्यांच्यापुढे पियानो वाजवला, ती ढिम्म हलली नाहीत. तीच कुंडी पियानोवर ठेवून सूर छेडला तेव्हा मात्र कंप जाणवून ती झटकन बिळात शिरली. १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने हे सगळं छापलं. मला त्यातलं लक्षात राहिलं ते असं, की कुंडीतल्या त्या गांडुळांना तो स्वतः पाला खाऊ घालत होता. कुंडीत गांडूळ जगवायचं तर त्याचं खाणं आपल्याकडे लागतं. कढीपत्ता, लिंबू, जास्वंद असलेल्या मोठ्या कुंडीत किंवा अर्ध्या ड्रममध्ये ते जमतं: वर चार बोटं वाळक्या पानांचा थर कायम ठेवायचा, तो खाली जाईल तसा नवा घालायचा. आठ-दहा इंची कुंड्यांना गांडुळं नकोत, आणि बियाणं पेरायच्या ट्रेमध्ये तर चाळलेलं, पूर्ण तयार खतच घ्यावं, तेही थोडंसं.

कुंडी भरण्याचं माझं प्रमाण साधं आहे: दोन वाटे माती, एक वाटा खत, एक वाटा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा भाताचं तूस. तुमच्याकडची काळी माती पाणी धरते आणि वाळली की दगड होते, म्हणून तिच्यात थोडी जाड वाळू घाला, किंवा पोयट्याची माती मिळाली तर तीच वापरा. नंतर दर दीड-दोन महिन्यांनी वरची माती खुरप्याने हलवून बारा इंची कुंडीला दोन मुठी खत पुरतं. जास्त घातलं म्हणून झाड लवकर वाढत नाही.

त्या पांढऱ्या किड्याकडे मात्र लक्ष द्यायला हवं. अर्धचंद्रासारखा वळलेला, डोकं तपकिरी, पुढे सहा पाय असं वर्णन तुम्ही केलंय. ही भुंग्याची अळी आहे, पण भुंगे अनेक प्रकारचे असतात. ऊस आणि भुईमुगाच्या शेतकऱ्यांना रडवणारी हुमणी ती हीच, किंवा हिची निरुपद्रवी चुलत बहीण. पुन्हा सापडली तर सपाट फरशीवर ठेवा आणि मिनिटभर बघत राहा. पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून सरपटत जाऊ लागली तर ती फुलांवरच्या भुंग्याची अळी. ती कुजकंच खाते, हौदात परत टाका, खत करायला मदतच करेल. तशीच मुटकुळं करून पडून राहिली किंवा कुशीवर वळवळत राहिली तर हुमणी समजा. ही खरोखर जिवंत मुळं खाते. वेचून साबणाच्या पाण्यात टाका. एका कुंडीत एक सापडली तर ती कुंडी पूर्ण उकरून बघा. पावसाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मातीत अंडी घालतात, त्या दिवसांत हौदावर जाळी टाकलेली बरी. विकतचं शेणखत आणलं तर ढेकळं हाताने फोडून मगच वापरा, हुमणी बहुतेक तिथूनच घरात येते. अंगणात माड असेल तर आणखी सावध राहा. अंगठ्याएवढ्या जाड अळ्या खतात दिसल्या तर त्या माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या असू शकतात. त्या मारायच्याच.

बाकी जी मंडळी खतात दिसतात त्यांना घाबरू नका. चपट्या, करड्या, खवल्याखवल्यांच्या अळ्या ओल्या खरकट्यात होतात, त्यांच्यापासून होणारी माशी चावत नाही. वाणी, म्हणजे हात लावला की वेटोळं करणारा तो पुष्कळ पायांचा किडा, कुजका पालाच खातो. दोऱ्यासारखे बारीक पांढरे किडे खूप झाले तर हौद फार ओला आहे, मूठभर सुका पाला मिसळा. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर पाणी कमी करा.

सुनेच्या धास्तीबद्दल. ती चुकीचं बोलत नाहीये, फक्त दोन वेगळे जीव एक समजतेय. खतातलं गांडूळ माणसाच्या पोटात राहत नाही, त्याने जंत होत नाहीत. माणसाच्या पोटातल्या जंतांची अंडी माणसाच्याच विष्ठेतून मातीत येतात, आणि ती तुमच्या हौदात यायचं काही कारण नाही. काळजी घ्यायची ती कुत्र्या-मांजरांची. त्यांची विष्ठा हौदात कधीही जाऊ देऊ नका. रस्त्यावरच्या मांजरांना कुंडीतली भुसभुशीत माती भारी आवडते, म्हणून कुंड्यांवर वाळक्या पानांचा थर किंवा आडव्या-तिडव्या काड्या ठेवा. नातीची नखं कापलेली असावीत, मातीत खेळून झालं की साबणाने हात. दर वर्षी १० फेब्रुवारीला अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका. ती तशीही द्यायचीच असते. कोथिंबीर-पालक कुंडीतला असला तरी वाहत्या पाण्यात धुवूनच खा. आणि तुम्ही स्वतः कोरडं खत चाळताना नाकाला रुमाल बांधा, खत जरा ओलसर करून घ्या, धूळ फुफ्फुसात जाणं चांगलं नाही.

मीठ आणि औषध. मिठाचं पाणी ओतलं की गांडुळं तडफडून मरतात, हे शेजाऱ्यांनी पाहिलं असेल. पण मीठ मातीतच राहतं, मुळांना पाणी ओढू देत नाही, माती घट्ट करतं, आणि ते पुन्हा काढायचं कसं? दाणेदार औषध म्हणून लोक सर्रास ज्याचं नाव घेतात ते फोरेट अतिशय जहाल विष आहे. देशात ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. कोणी जुना डबा काढून दिला तरी घेऊ नका. ज्या घरात चार वर्षांचं मूल आहे आणि तुळशीची पानं चहात पडतात, त्या घरच्या कुंडीत ते टाकायचं?

आता या आठवड्यात काय करायचं. ज्या कुंड्यांतली झाडं टवटवीत आहेत त्यांना हातही लावू नका, गांडुळं असोत नाहीतर नसोत. फिकट पडलेल्यांची भोकं मोकळी करा, सकाळी बोट दोन पेरं आत घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. दुपारच्या उन्हातून सावलीत घ्या. मेच्या उन्हात झाड उपसून नवी कुंडी भरली तर त्याला आणखी धक्का बसतो, तेव्हा पाऊस येऊन हवा थंडावली की मगच त्या नव्या मिश्रणात बदला. अगदीच माना टाकलेल्या असतील त्यांची गोष्ट वेगळी, त्या आजच बदला, सडलेली मुळं कात्रीने कापून.

वृंदावन पूर्ण रिकामं करून भोक मोकळं करा, तळाशी विटांचे तुकडे घाला, मातीचं मिश्रण भरा. पूजेचं पाणी बंद करा असं मी म्हणणार नाही. तांब्याऐवजी पळीभर घाला, उरलेलं शेजारच्या जास्वंदीला.

आणि उपटलेली तुळस कुठे आहे? कचऱ्यात टाकली नसेल तर तिच्या वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चुरगळून फुंकर मारा. राहील ते बारीक काळं बी. एका उथळ कुंडीत चाळलेली माती घेऊन ते वरच पसरा, पुरू नका, पाणी फवाऱ्याने द्या. आठ-दहा दिवसांत दोन-दोन पानांची रोपं येतील. पावसाची झड बसायच्या आत पेरलंत तर श्रावणात ती वृंदावनात लावता येतील.